डाव्या पानावरचा गुरुवार

"तुम्ही नोकरी कसली केलीत?" असं कुणी विचारलं की पूर्वी मी छाती पुढे काढून "शैक्षणिक संशोधन" असं उत्तर देत असे. समोरचा आदराने मान डोलवायचा आणि लगेच विचारायचा, "म्हणजे नेमकं काय?" आता सत्तरी उलटल्यावर मी सरळ सांगतो, "खेड्यापाड्यांतल्या शाळांत जाऊन पोरांना चित्रं दाखवायचो आणि ती काय बोलतात ते उतरवून घ्यायचो." यावर कुणी आदर दाखवत नाही, पण लोक खुर्ची जवळ ओढून घेतात. मला तेच बरं वाटतं.

ही पन्नासच्या दशकातली हकीकत. रस्त्यावर अजून मैलांचे दगड होते. पिंपरीच्या माळावर औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि भोसरी-मोशीपासून चाकणपर्यंत मात्र अजून बैलगाड्याच धूळ उडवत होत्या. पुण्यातल्या एका अध्यापक महाविद्यालयाला जोडून आमचा संशोधन विभाग होता. विभाग म्हणजे तीन खोल्या, एक टाइपरायटर आणि आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणत असू. बाई परदेशात मनोविश्लेषण शिकून आलेल्या. सुती पातळ, काळी छत्री आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत गप्प बसण्याची कला, एवढं त्यांचं सामान. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोर शाळेत मागे पडत असेल तर त्याची बुद्धी मोजण्याआधी त्याच्या मनात काय अडकलंय ते बघा. तिथे काही सापडलं नाही तर घरात बघा, गावात बघा, मास्तरांत बघा. "मूल एकटं नापास होत नाही," असं त्या म्हणत.

आमचं हत्यार म्हणजे दहा चित्रं. परदेशातून आलेल्या संचात शेगडीपाशी हॅट घालून बसलेले बाप होते. ते बघून आमची पोरं फिदीफिदी हसायची. म्हणून बाईंनी पुण्याच्या एका चित्रकाराकडून नवी काढून घेतली. दारात उभी बाई, विहिरीत डोकावणारी मुलगी, पाठीला गाठोडं लावून रस्त्याने निघालेला मुलगा, अशी. चित्र मुलापुढे ठेवायचं, "यात काय चाललंय, सांग बरं" एवढं म्हणायचं आणि तोंड मिटायचं. गोष्ट कुठून सुचली हे विचारायचं नाही. हा नियम फार कडक होता.

त्याहून विचित्र नियम वहीचा होता. उजव्या पानावर मुलाचे शब्द, जसेच्या तसे. डाव्या पानावर त्या वेळी आपल्याला काय वाटलं ते. "तुम्हाला राग आला, झोप आली, रडू आलं, तर ते कुठून आलं? तेही संशोधनच आहे," बाई म्हणत. मला हे निव्वळ थोतांड वाटे. माझी डावी पानं पुढीलप्रमाणे असत : 'ऊन फार.' 'एस.टी. चुकली.' 'चहा गोड.' बाई ती वाचत आणि काही न बोलता परत देत.

धंद्यात चुका पुष्कळ केल्या. चिंचवडच्या एका पोराला घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं. त्यात आई उभी, भावंडं उभी, बाप मात्र जमिनीला आडवा. मी दोन पानं भरून लिहिलं, 'पित्याविषयी सुप्त वैर, पिता मृत असावा ही इच्छा.' मोठ्या ऐटीत घरी भेट द्यायला गेलो तर बाप खरोखरच आडवा होता. रात्रपाळी करून आला होता बिचारा. पोराने बापाला उभं पाहिलं असेल ते रविवारीच. त्याच्या बायकोने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि दाराबाहेर चहा दिला.

खेड्यांत तर आमचा संशय यायचाच. सरकारी माणूस, हातात कागद, म्हणजे कारखान्यासाठी जमीन बघायला आलेला, हे ठरलेलं. एका पाटलांनी चित्रं उलटीपालटी करून विचारलं, "ह्यात आमचं रान कुठलं दावलंय?" मी म्हटलं, "यात रान नाही हो, मुलांचं मन बघायचंय." पाटील शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "आता मनाची बी मोजणी चाललीया."

पण मला सांगायचंय ते एकाच शाळेबद्दल. चाकणच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून दीडेक मैल आत असलेलं गाव. नाव घेत नाही. तिथे एकशिक्षकी शाळा, चौथीपर्यंत. पुढचं शिकायचं तर पोराला चाकणला किंवा चिंचवडला जायला हवं. त्या शाळेत दरवर्षी चौथीची निम्म्याहून जास्त पोरं मागे राहत. शाळा तपासनिसांनी, म्हणजे गावाच्या भाषेत दिपोटीसाहेबांनी, कंटाळून ती आमच्या गळ्यात मारली.

मास्तरांना सगळे अप्पा गुरुजी म्हणत. पन्नाशीचे, एकटेच, शाळेमागच्या खोलीत राहणारे. मी पहिल्या दिवशी आळशी, तापट, छड्या मारणारा मास्तर बघायच्या तयारीने गेलो आणि चक्रावलो. इतकं सुरेख शिकवणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच पाहिला. चौथीतली चंद्रा नावाची मुलगी तिसऱ्यांदा चौथीत होती. मी तिच्यापुढे माझ्या डब्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद धरला, तर तिने तो घडाघडा वाचला आणि तेलाने पुसलेले शब्द अंदाजाने भरले. अडीचकीचा पाढा तोंडपाठ. आणि गुरुजींच्या निकालपत्रकात तिच्या नावापुढे दोन वर्षं एकच शेरा होता, 'अजून कच्ची.'

तिचा बाप धोंडिबा पिंपरीच्या कारखान्याच्या बांधकामावर जात असे. फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना त्याने मला गाठलं. "चित्रवालं मास्तर, तुमी शिकल्यालं हाय, तुमीच सांगा. पोर मठ्ठ हाय का?"

"मुळीच नाही."

"मंग ऱ्हाती कशी मागं? माजी भन चिंचवडला असती. ह्या खेपंला पोर वर गेली तर धाडतो तिकडं, शिकू दे म्होरं. न्हाय तर बास. तीन वर्सं येकाच यत्तेत, लोक हसत्यात राव."

मी "बघू" म्हटलं. आमच्या नोकरीत हा शब्द फार उपयोगी पडे.

महिनाभर मी चित्रं दाखवली. गाठोडेवाल्या मुलाच्या चित्रावर सगळ्या पोरांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. पोरगा शिकायला शहरात जातो. तिथे आठवड्यातला एक दिवस त्याला जेवायला मिळत नाही. तो घरी येतो तेव्हा आई नसते. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या जातींची पोरं, आणि गोष्ट तीच! मी हर्षाने वेडा व्हायचा बाकी होतो. इथे सगळ्या गावाचं मन बोलत होतं. जमिनी जाणार, बाप कारखान्यात जाणार, घर फुटणार, ही धास्ती पोरांच्या मनात खोल उतरली होती आणि म्हणून ती चौथीच्या पलीकडे जायला बिचकत होती. मी 'औद्योगिकीकरण आणि ग्रामीण बालमनातील भय' असा लांबलचक निबंध टाइप करून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी त्यावर कागददाब ठेवला आणि विचारलं, "एकच दिवस का उपाशी? भीतीने भूक लागत असेल तर रोज लागायला हवी."

याचं उत्तर तिथेच शोधायला हवं होतं. म्हणून मी जात राहिलो. आणि खरं सांगायचं तर जाण्याचं कारण मिळालं म्हणून मला बरंही वाटलं. मी जात असे गुरुवारी. गुरुवारी गुरुजी शाळेच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून मुगाची खिचडी करत. मी पोचेपर्यंत ती शिजून तयार असे. तांदूळ त्यांचे, डाळ पोरं घरून मूठ मूठ आणत. जातपात न बघता सगळे एका पंगतीला. गाव म्हणे, "गुरुजींचा दत्ताचा वार असतो." मी पुण्यात खानावळीत जेवणारा माणूस. तळेगावला घर होतं, पण वडिलांनी दुसरं लग्न केल्यापासून मी सुट्टीतही तिकडे फिरकत नव्हतो. गुरुजी मला पहिल्या पंगतीला बसवत आणि "अहो, घ्या. वाळलात तुम्ही," असं म्हणत पळसाच्या पत्रावळीवर दुसऱ्यांदा वाढत. मी वाळलो आहे हे त्याआधी बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी मी चंद्राला गाठोडेवाल्या मुलाचं ते चित्र पुन्हा दाखवलं. तिने गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता म्हणाली, "गुरुवारी त्येला कुणी जेवाय घालत न्हाई."

मी नियम मोडला. "गुरुवारीच का गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कच्चा मीच होतो. "गोष्टीत गुरुवारच हाय. गुरुजी सांगत्यात की, खिचडी शिजस्तवर."

माझा निबंध, माझं औद्योगिकीकरण, सगळं तिथल्या तिथे कोसळलं. इतके दिवस मी ज्याला पोरांचं मन समजून उतरवत होतो ते पोरांचं नव्हतंच. मी तिला आणखी एक विचारलं, "गुरुजी तुला पास का करत नाहीत?"

"म्हन्त्यात, ऱ्हा आजून येक वरीस, घाई काय हाय. मला बी हितंच बरं वाटतं. पर बा आता साळा सोडवनार." आणि ती एकदम रडायला लागली. "मला म्होरं शिकायचं हाय वो मास्तर."

दुपारी पोरं पांगल्यावर गुरुजी पडवीत पातेलं घासत होते. मी ते चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. मास्तरांना चित्रं दाखवणं आमच्या कामात नव्हतं. "यात काय चाललंय, सांगता?" एवढं म्हणालो आणि गप्प बसलो.

त्यांनी राखेचे हात धुतले, पुसले, चित्र उचललं. मग म्हणाले, "चित्रकाराने मागे दार काढलं नाही. दारात आई पाहिजे."

आणि सांगू लागले. जुन्नरकडच्या एका खेड्यातले ते. चौथीला तालुक्यात पहिले आले. आईने शिरा केला. आठ दिवसांत काकाने पुण्याला नेऊन सोडलं, वार लावून जेवायला. आजच्या वाचकांना सांगायला हवं, की गरीब विद्यार्थी तेव्हा आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, त्याला वार लावणं म्हणत. गुरुजींना सहा घरं मिळाली. गुरुवारचं घर मिळालंच नाही. अकरा वर्षांचा मुलगा दर गुरुवारी नळाचं पाणी पिऊन वाचनालयात बसून राही. आई दुसऱ्याकडून कार्ड लिहून घेई, 'जेवतोस ना?' तो उत्तर लिही, 'हो.' त्याच वर्षी आई गेली. कार्ड पोचलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

"पास झालो नसतो तर घरीच असतो," गुरुजी म्हणाले.

म्हणाले आणि थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. भिंतीला टांगलेल्या निकालपत्रकांच्या चळतीकडे ते पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मी पोरांना अडकवून ठेवतोय, असं तुम्हाला म्हणायचंय."

"मी काहीच म्हटलं नाही, गुरुजी."

"हो. तेच," ते म्हणाले, आणि उपरण्यात तोंड झाकून रडले. मी तिथेच बसून राहिलो. गप्प बसण्याचा बाईंचा नियम मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

पुण्याला परतलो तो उड्या मारतच. बाईंनी उजवी पानं वाचली, चष्मा पुसला, मग पहिल्यापासून डावी पानं वाचायला घेतली. त्या शाळेच्या डाव्या पानांवर 'ऊन फार' नव्हतं. तिथे 'खिचडीत आज लसूण', 'गुरुजींनी टोपी शिवून दिली', 'एस.टी. उशिरा आली असती तर बरं' असलं काहीबाही होतं. मी ते लिहिल्याचं मलाच आठवत नव्हतं.

"तुमचं तिथलं काम कधीच संपलं होतं," बाई म्हणाल्या. "गुरुजी पोरांना चौथीतून सोडत नाहीत, आणि तुम्ही त्या पडवीतून उठत नाही. कळतंय का?"

मला संताप आला. इतका मोठा शोध लावून आलो आणि ही बाई माझी खिचडी काढते! मी विचारलं, "मग काय करू?"

"निकालाच्या दिवशी जा आणि निरोप घेऊन या. नीट समोर बसून सांगा, की आता मी येणार नाही. पळून येऊ नका. त्या माणसाचा निरोप न घेता गेलेली माणसं पुष्कळ झाली."

निकाल गुरुवारीच होता. गुरुजींनी चौथीची झाडून सगळी पोरं पास केली. एकेक बाप पुढे येई, निकाल हातात घेई, आणि गुरुजी प्रत्येकाला विचारत, "पोर राहणार कुठे? जेवायची सोय काय?" धोंडिबा आला तेव्हा चंद्रा त्याच्या मागे लपली होती.

"चिंचवडला, भनीकडं," धोंडिबा म्हणाला.

"रोज जेवेल ना?"

"म्हंजी काय गुरुजी? आत्या हाय ती तिची."

"गुरुवारी?"

धोंडिबा गोंधळला. "गुरुवारी बी जेवंल की."

गुरुजींनी चंद्राच्या डोक्यावर हात ठेवला. तो उचलायला त्यांना फार वेळ लागला, पण उचलला. मी ते पाहिलं. माझ्या उभ्या नोकरीत मी काही घडवलं असेल तर ते एवढंच, तो हात उचलला जाणं, आणि तेही मी नव्हे, त्यांनीच केलं.

पंगत उठली. मला सांगायचं होतं. वाक्य मी एस.टी.त घोकून आलो होतो. गुरुजी म्हणाले, "आता सुट्टी लागेल, गाव सामसूम. पण मी इथेच असतो. गुरुवारी चूल पेटतेच. याल ना?"

मी म्हणालो, "येईन."

गेलो नाही. आठवड्याने आमचं काम सोलापूरकडे निघालं. बाईंनी विचारलं, "निरोप घेतलात?" मी "हो" म्हटलं. अकरा वर्षांच्या मुलाने आईला लिहिलं होतं, तसंच. पत्र लिहू म्हणता म्हणता राहिलं, आणि मग इतके दिवस झाले की लिहायची लाज वाटू लागली.

पुढे किती शाळा पाहिल्या, किती अहवाल लिहिले. बरीच वर्षं गेल्यावर चिंचवडच्या एका शाळेत शिक्षकांच्या शिबिरात बोलायला गेलो. विषय माझा ठरलेला, 'मूल एकटं नापास होत नाही.' व्याख्यान संपल्यावर मुख्याध्यापिकाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओळखलं नाहीत, चित्रवाले मास्तर?"

चंद्रा! केस पिकायला लागलेले, चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी खुर्चीतून उठलो. "गुरुजी कसे आहेत?" एवढंच विचारलं.

"गेले. दोन वर्षं झाली." मग म्हणाली, "तुम्ही नंतर आलाच नाहीत. त्या सुट्टीत मी गावातच होते. गुरुवारी खिचडी झाली की गुरुजी दोन पत्रावळी मांडायचे. एक त्यांची. दुसरीवर वाढून ठेवायचे आणि फाट्याकडे बघत बसायचे. पुढे शाळा सुरू झाली तरी तसंच. मी चिंचवडहून गावी गेले की मला दिसायचं ना. नवी पोरं विचारायची, हे पान कुणाचं? तर म्हणायचे, 'एक मुलगा आहे. त्याचा गुरुवार आपल्याकडे लागलाय.'"

"किती दिवस?"

"त्यांची बदली झाली तोपर्यंत. आम्ही म्हणायचो, अहो, ते आता नाही यायचे. तर म्हणायचे, वार लावला की आपण होऊन मोडायचा नसतो."

चहा निवला. तिने तो नेला आणि दुसरा आणला.

त्या गावावरून आता जाणं झालं की रस्ता ओळखू येत नाही. जिथे उतरायचो त्या फाट्यावर कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली तरुण पोरं पाठीला पिशव्या लावून उतरतात. मला प्रत्येकाला थांबवून विचारावंसं वाटतं, जेवतोस ना बाबा? विचारत नाही. लोक वेडा म्हणतील.

वह्या मी निवृत्तीच्या वेळी जाळणार होतो, पण ती एक ठेवली. निकालाच्या दिवशीच्या उजव्या पानावर पास झालेल्या पोरांची नावं आहेत, माझ्या वळणदार अक्षरात. डावं पान कोरं होतं. हा लेख लिहायला बसलो तेव्हा ते उघडलं आणि इतक्या वर्षांनी त्यावर लिहिलं : 'आज गुरुवार. गुरुजी, मला भूक लागली होती.'